झाकण कुणाच्या नाकासाठी?

इंदूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. अन्नपूर्णा भागात दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात नवरा, सासूबाई, नऊ महिन्यांचं रांगतं बाळ आणि चार वर्षांचा, नसबंदी केलेला बोका. अंगावर पोह्यांवर टाकतात तो जिरावन मसाला भुरभुरल्यासारखे ठिपके आहेत, म्हणून त्याचं नाव जिरू. आजवर त्याचा उघडा ट्रे मागच्या गॅलरीत असायचा आणि कुणाची काही तक्रार नव्हती. मग बाळ रांगायला लागलं आणि एका दुपारी ट्रेमधली मूठभर वाळू तोंडाशी नेताना सापडलं. त्यातच गणपतीला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी नाकाला पदर लावला. त्या रात्रीच ताईंनी झाकणाचा लिटर बॉक्स ऑनलाइन मागवला. पुढे झुलतं दार, वर कार्बनचा फिल्टर, सोबत लॅव्हेंडरच्या वासाच्या वाळूची पिशवी फुकट. बॉक्स ठेवला बाथरूममध्ये, वॉशिंग मशीनला लागून. पहिले दहा-बारा दिवस झकास गेले. "आता दोन-तीन दिवसांनी साफ केलं तरी वास येत नाही," असं ताई लिहितात. पुढे जिरूनं आधी पायपुसण्यावर शू केली, मग बाळाच्या दुपट्यावर, आणि गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या गोधडीवर. सासूबाई म्हणतात, बाळ आल्याचा सूड घेतोय. नवरा म्हणतो, राऊच्या पुढे ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे सोडून येऊ. ताईंचा प्रश्न असा, की जिरूला या बॉक्सची सवय कशी लावायची? की सरळ तो आपोआप साफ होणारा महागडा बॉक्स घ्यायचा?

ताई,

तुमच्या पत्रातलं कळीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, तेही आनंदाची बातमी असल्यासारखं. दोन-तीन दिवसांनी साफ केलं तरी वास येत नाही! त्याच्याकडे येतेच. पण आधी एक काम करा, आणि त्यासाठी हे उत्तर वाचून संपायचीही वाट बघू नका. जिरूला डॉक्टरकडे न्या.

बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकतो. सारखं सारखं शूला बसणं, थेंबभरच होणं, बसल्यावर ओरडणं, मागचा भाग चाटत राहणं, शूला लालसर झाक दिसणं, यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका. शू पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. पुष्कळ घरांत लोकांना वाटतं पोट साफ होत नाहीये, आणि एरंडेलाची बाटली शोधण्यात रात्र जाते. दुखणं इतकं वाढलेलं नसलं, नुसती जळजळ असली, तरी बोका त्या जागेवर रुसतो. जिथे बसल्यावर दुखलं ती जागा वाईट, एवढंच त्याला कळतं. मग तो मऊ जागा शोधतो. पायपुसणं, दुपटं, गोधडी. यादी बघा तुमचीच.

उघड्या ट्रेत या गोष्टी येता-जाता नजरेला पडतात. झाकणाखाली पडत नाहीत. गेल्या महिनाभरात तो दिवसातून किती वेळा आत गेला, किती वेळ बसला, हे तुम्हाला सांगता येईल का? पत्रात तरी ते कुठे नाही. नवरोबांना राऊच्या रस्त्याला जायचंच असेल तर त्यांना म्हणावं, जिरूला घेऊन तसंच पुढे महूपर्यंत जा, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

तपासणीत काही निघालं तर उपचार करा, आणि पुढचं सगळं तरीही वाचा. काही निघालं नाही तर हे तुमच्यासाठीच आहे.

सासूबाईंच्या सुडाबद्दल. गोधडी त्यांची, वय त्यांचं, रात्री ओल्या अंथरुणातून उठावं लागलं ते त्यांना, त्यामुळे त्यांच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. पण सूड घ्यायला आधी मनात हिशेब मांडावा लागतो. अमक्यामुळे माझे लाड कमी झाले, म्हणून अमकीच्या अंथरुणावर. एवढा लांबचा हिशेब मांजराला जमत नाही. त्याला जमतो तो जवळचा. इथे पाय ठेवला की ओलं लागतं, तिथे मऊ लागतं. इथे आवाज होतो, तिथे शांतता असते. बाळाच्या येण्यानं घरातलं वेळापत्रक बदललं, रडणं वाढलं, झोपा मोडल्या, याचा ताण त्याला येतो हे खरं आहे. पण मुद्दाम केलं, असं मात्र नाही.

आता ते वाक्य. वास येत नाही म्हणता, तो तुम्हाला येत नाही.

शूमधल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. उघड्या ट्रेतून तो खोलीभर पसरतो आणि तुम्ही नाक मुरडून झारा हातात घेता. झाकण आलं की तोच अमोनिया आतल्या आत साठतो. तुमच्या नाकाची सुटका होते आणि आत जाणाऱ्याचं नाक, जे तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी तिखट आहे, त्या ढगात शिरतं. पूर्वी तुम्ही रोज साफ करत होतात, कारण वास तुम्हाला उठवत होता. तो बंद झाला आणि तुम्हीही थांबलात. यात दोष देण्यासारखं काही नाही. नऊ महिन्यांचं बाळ घरात असताना ज्या कामानं हाक मारणं थांबवलं ते मागे पडणारच.

रात्रीच्या पॅसेंजरमधला संडास आठवा. दोन डबे गर्दीनं भरलेले, पहाटेचे चार, दार ओढलं की आत अंधार, पायाखाली ओल, आणि गाडी हलतेय. आपण नाक दाबून जातो कारण दुसरी सोय नसते. जिरूला सोय होती. गोधडी. आणि गाडी हलतेय हे मी नुसतं रंग भरायला लिहिलेलं नाही. तुमचा बॉक्स वॉशिंग मशीनला लागून आहे. मशीन कपडे पिळायला लागलं की कसं थरथरतं ते तुम्हाला माहीत आहे. आत बसलेल्या मांजराला एकदा तो गडगडाट झाकणाखाली ऐकू आला की पुन्हा आत जायला ते दहा वेळा विचार करतं. उघड्या ट्रेतून चारही बाजूंना पळता येतं. बॉक्सला वाट एकच, आणि तिलाही दार.

खरं तर तुम्ही एकच गोष्ट बदलली असं नाही, एकदम पाच बदललीत. झाकण आलं, दार आलं, जागा गॅलरीतून बाथरूममध्ये गेली, साधी वाळू जाऊन लॅव्हेंडर आलं, आणि रोजची सफाई दोन-तीन दिवसांवर गेली. आता यातलं नेमकं काय खटकलं हे तुम्हाला कळणार कसं? झाकणच दोषी आहे असं मीही छातीठोक म्हणणार नाही. 2013 मध्ये पशुवैद्यकांच्या एका संशोधनपत्रिकेत 27 घरगुती मांजरांची पाहणी छापून आली होती. त्यांच्या घरी एक झाकणाचा आणि एक उघडा असे दोन बॉक्स शेजारी ठेवले, दोन आठवडे रोज साफ केले आणि कशात किती निघतं ते तोललं. 27 पैकी 19 मांजरांना झाकण असलं काय, नसलं काय, काही फरक पडला नाही. उरलेल्या आठांपैकी चार झाकणवाली निघाली आणि चार उघड्यावाली. म्हणजे मांजर आणि झाकण यांचं काही जन्माचं वैर नाही. पण त्या पाहणीत बॉक्स रोज साफ होत होते आणि ते ऐसपैस होते, हे विसरू नका.

ऐसपैसवरून आठवलं. शिवणाच्या डब्यातली टेप काढा. जिरू पाय ताणून झोपला असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा. शेपूट धरायचं नाही. जो आकडा येईल त्याच्या दीडपट लांबी बॉक्सला आतून हवी. अंगानं भरलेला बोका सहज 48 सेंटिमीटर भरतो, म्हणजे बॉक्स 72 चा हवा. दुकानातले बरेचसे झाकणाचे बॉक्स पन्नासच्या आसपास असतात, तेही बाहेरून. वर कड आतल्या बाजूला वळलेली, त्यामुळे आत आणखी कमी. मांजर आधी वास घेतं, गोल फिरतं, खड्डा उकरतं, बसतं, पुन्हा वळतं, वास घेतं, माती ओढतं. जागा नसेल तर हे सगळं अर्धवट राहतं, आणि मग तोंड बाहेर आणि बूड आत अशा अवस्थेत ते दारातच उरकतं. तुमच्या दाराच्या खाचेत शू साचलेली दिसते का ते एकदा बघा. वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतात त्या फटीतही बघा.

मग बाळाचं काय? वाळू तोंडात जाण्याची भीती अगदी खरी आहे. ती वाळू ओल लागली की फुगते आणि घट्ट होते, शिवाय विष्ठेतून जंत जाऊ शकतात. जिरूचं जंताचं औषध वेळेवर देत राहा. पण झाकणानं बाळाला रोखलं जाईल ही समजूत काही टिकणार नाही. झुलतं दार म्हणजे रांगत्या बाळासाठी खेळणंच की! ढकललं की टकटक वाजतं, आत हात जातो. तुम्हाला झाकण नको आहे, अडसर हवा आहे. गॅलरीच्या दाराला अडीच फुटी बेबी गेट लावा आणि बॉक्स परत त्याच्या जुन्या जागी न्या. चार वर्षांचा धडधाकट बोका अडीच फूट झोपेतही उडी मारतो. त्याला पाय टेकायला पलीकडच्या बाजूला, कठड्यापासून लांब, एखादा पाट ठेवा. अलीकडे काही ठेवू नका, दोन महिन्यांत बाळ त्यावर चढेल. दार थोडंसं उघडं ठेवून कडी अडकवायची, म्हणजे मांजर जाईल आणि बाळ जाणार नाही, अशी युक्ती काही जणी सांगतात. ती करू नका. ज्या फटीतून बोका जातो तिच्यात बाळाचं डोकं अडकू शकतं.

आता प्रयोग. तो पंधरा दिवसांचा आहे, आणि "सवय कशी लावू" या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. जुना उघडा ट्रे टाकून दिला नसेल अशी आशा करते. तो आणि नवा बॉक्स, झाकण काढून, गॅलरीत शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत तीच जुनी, बिनवासाची वाळू, तीन-चार बोटं खोल. लॅव्हेंडरची पिशवी बाजूला ठेवा. तिचा वास माणसाला बाग आठवावी म्हणून घातलेला असतो. सकाळ-संध्याकाळ दोन्हींतले गोळे काढा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो तसं लिहा, कशात किती. जिरूसारख्या बोक्याचे दिवसाला शूचे दोन ते चार गोळे आणि शीचं एखाददुसरं, एवढं निघायला हवं. गोळे एकदम वाढले, एकदम कमी झाले किंवा बोराएवढे बारीक झाले तर पुन्हा डॉक्टर. या कॅलेंडरचा खरा उपयोग तोच आहे, पुढची दहा वर्षं.

पाच-सहा दिवस दोन्हींत नीट जातोय असं दिसलं की नव्या बॉक्सला नुसतं झाकण लावा. दार नाही. पुन्हा तेवढेच दिवस मोजा. आत जात राहिला तर तुमचा जिरू त्या बेपर्वा 19 मधला. मग झाकण ठेवा, खुशाल ठेवा. दार मात्र कायमचं काढून टाका. ते डोक्यावर आपटतं, शेपटीवर पडतं, आणि बाहेर कोण उभं आहे ते आतून दिसत नाही. एकाहून जास्त मांजरं असलेल्या घरांत तर दुसरं मांजर दाराशी दबा धरून बसतं आणि आतलं अडकतं. अशा घरांसाठी नेहमीचा हिशेब मांजरांपेक्षा एक बॉक्स जास्त, तेही वेगवेगळ्या जागी. तीन बॉक्स एका ओळीत मांडले तर मांजराच्या लेखी तो एकच मोठा संडास.

झाकण लागलं आणि जिरू उघड्याकडेच वळला, तर समजा की त्यानं मत दिलं. वाद घालू नका.

झाकण काही घरांत खरंच उपयोगी पडतं. कुत्रा पाळला असेल आणि त्याला बॉक्समधल्या ऐवजाची चटक असेल, किंवा मांजर उभ्या उभ्या शू करणारं असेल आणि धार भिंतीवर जात असेल, तर आडोसा लागतोच. काही बुजरी मांजरं पलंगाखालीच सुखी असतात, त्यांना आत बरं वाटतं. उलट म्हातारं, सांधे धरलेलं मांजर, दम्याचं मांजर, खूप मोठं मांजर, यांना झाकण नको. वरून उडी मारून उतरायचे बॉक्स तर म्हाताऱ्या मांजरांना आणि पिल्लांना दाखवूही नयेत.

तुमच्यासारख्यांनी मधला मार्ग घ्यावा असं माझं मत आहे. भिंती उंच, डोक्यावर आकाश. गाद्या-रजया ठेवायचे मोठे प्लास्टिकचे डबे राजवाड्याच्या बाजारात मिळतात. पाऊण मीटर लांबीचा, फूट-सव्वा फूट उंच बघा. झाकण काढून ठेवा, आणि एका अरुंद बाजूला गरम केलेल्या पात्यानं दार कापा. हे काम गॅलरीतच करा, धुराचा वास दोन दिवस जात नाही. मी पहिला डबा कापला तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मांजरीला चढायला नको म्हणून दाराची कड जेमतेम तीन बोटं ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी वाळू दाराबाहेर, आणि तिच्यावरून चालत गेलेली पावलं थेट देवघरापर्यंत. तरण्याताठ्या मांजराला कड बारा-तेरा सेंटिमीटरची ठेवा. कापलेली धार पॉलिश पेपरनं घासा, बोट फिरवून बघा, मग बाळाच्या गालावरून फिरवावीशी वाटेल इतकी गुळगुळीत होईस्तोवर पुन्हा घासा. उकरताना उडणारी वाळू उंच भिंती अडवतात, आणि पावलांना चिकटलेली झडावी म्हणून दारापुढे खरखरीत पायपुसणं टाका. मऊ नको. मऊ पायपुसण्याचं त्यानं काय केलं ते तुम्ही पाहिलंयच.

सासूबाई म्हणत असतील, आमच्या वाड्यात मांजरीला कुणी संडास बांधून दिला नव्हता. बरोबर आहे त्यांचं. वाड्याला परसदार होतं, चुलीची राख होती. गंमत म्हणजे अमेरिकेतही तेच चालायचं, राख नाहीतर वाळू. 1947 साली मिशिगनमध्ये एका शेजारणीनं एड लो नावाच्या माणसाकडे मांजरासाठी वाळू मागितली. त्याच्या घरचा धंदा कारखान्यातलं सांडलेलं तेल टिपायच्या मातीचा. त्यानं तीच माती दिली, शेजारीण खूश झाली, आणि तिथून पिशवीत भरून विकायच्या मांजराच्या वाळूचा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपली मुलतानी माती. पुढे ओल लागली की गोळा होणारी, बेंटोनाइट नावाच्या मातीची वाळू आली. बेंटोनाइट आपल्या शेजारीच, कच्छ आणि बाडमेरमध्ये खणतात. हे सासूबाईंना सांगून बघा. तोंडाला लावायची माती म्हटली की त्या जरा मऊ होतील. मांजराचे मूळ पूर्वज रानात, वाळवंटी मुलखात उघड्यावर उकरणारे. बारीक, मोकळी, बिनवासाची माती त्याला पायाखाली ओळखीची वाटते. लाकडाच्या गोळ्या, टोफूची वाळू, सिलिकाचे खडे, सगळं मिळतं. धुळीनं शिंका येत असतील तर जरूर बदला, पण जुन्यात थोडं थोडं मिसळत.

आणि फिनाइल. पत्रात नाही, पण बाथरूम म्हटलं की असणारच. काळं फिनाइल आणि पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजराला विषारी असतात. माणसाचं यकृत ती द्रव्यं जशी बाहेर टाकतं तशी मांजराच्या यकृताला टाकता येत नाहीत. फरशीवरून पंजाला, पंज्यावरून जिभेला, इतकी सरळ वाट आहे. बॉक्स धुवायला साधा भांड्यांचा साबण आणि गरम पाणी पुरतं. गोळा होणारी वाळू असेल तर दोन-चार आठवड्यांतून एकदा सगळी ओतून द्या, बॉक्स धुवा, उन्हात वाळवा. शूवर ब्लीच ओतू नका, त्यातून निघणारी वाफ छातीत बसते.

गोधडीचं म्हणाल तर नुसतं धुऊन भागणार नाही. शूमधले युरिक ॲसिडचे खडे पाण्यात विरघळत नाहीत. वाळल्यावर वास गेला असं वाटतं, आणि पावसाळी दमट हवेत तो पुन्हा वर येतो. आपल्याला नाही आला तरी बोक्याला येतो आणि त्याला ती जागा ठरलेली वाटते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एंझाइमचं क्लीनर मिळतं. ते नीट मुरेपर्यंत ओतून, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवून मग धुवा आणि दोन कडक उन्हं दाखवा. दुपट्यालाही तेच. पायपुसणं फेकून द्या.

काढलेले गोळे कमोडमध्ये टाकू नका. बेंटोनाइट पाइपात फुगतं आणि खालच्या मजल्यावरच्यांशी तुमचे संबंध बिघडतात. ओल्या कचऱ्यातही नको. आपल्या इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाला जातो, तिथल्या 2022 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात दिवसाला 550 टनांपर्यंत कचऱ्यापासून बायो-सीएनजी करतात. त्यात माती कशाला घालायची? 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तेव्हापासून कचऱ्याच्या गाडीवरचे भाऊ पिशवी हलवून बघतात, काय आहे ते विचारतात, हे तुम्हाला माहीतच आहे. वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवा, आणि देताना तोंडानं सांगा, "मांजराची वाळू आहे." मी सांगते. ते डायपरच्या डब्याकडे बोट दाखवतात, मी तिथे टाकते.

रोज साफ करण्याला आणखी एक कारण आहे, ते ज्यांच्या घरी दिवस गेलेली सून किंवा लेक आहे त्यांच्यासाठी लिहिते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो, पण तो बाहेर पडल्या पडल्या बाधत नाही. त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज उचललं तर तो तयार होण्याआधीच घराबाहेर जातो. घरातच राहणाऱ्या, कच्चं मांस आणि उंदीर न खाणाऱ्या मांजरात तो असण्याची शक्यता कमीच. तरी गरोदरपणात झारा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावा. नवऱ्याच्या दिला तर उत्तम.

तुमच्या घरीही द्या. दिवसाची दोन मिनिटं सकाळी, दोन संध्याकाळी. ज्यांना शेतापर्यंत गाडी काढायला वेळ आहे त्यांना ही चार मिनिटं जड जाऊ नयेत. घरात वाढलेला बोका शेतावर सोडला की त्याला ना शिकार येते, ना तिथल्या कुत्र्यांपासून पळायची वाट माहीत असते. ती सोय त्याची नसते, आपल्या मनाची असते. आणि आपोआप साफ होणाऱ्या बॉक्सचं म्हणाल तर पैसे तुमचे आहेत, पण मशीनच्या थरथराटाला जो बिथरला त्याच्यासाठी तुम्ही आणखी एक मशीन आणताय. शिवाय गोळे डब्यात आपोआप गेले की मोजणार काय?

दिवाळीला पुन्हा पाहुणे येतील. दाराची बेल वाजली की सगळ्यांत आधी गॅलरीत जाऊन झारा फिरवायचा, मग पाणी आणायचं. ताज्या शीचा वास मिनिटभरच घमघमतो. घर धरून बसतो तो शिळ्याचा. पदर लावणाऱ्या बाई तेव्हाही लावतील कदाचित. काहींना सवयच असते.

नवा बॉक्स वाया गेला म्हणून हळहळू नका. प्रयोगात झाकण हरलं तर ते साबणानं स्वच्छ धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा आणि दार काढून घरातल्या एखाद्या शांत कोपऱ्यात नुसतं जमिनीवर पालथं घाला. आत काहीतरी जुनं, मऊ अंथरा. थंडी पडली की जिरू त्यात जाऊन झोपेल. फक्त ती गोधडी नको.